चार ओंजळी तीर्थ

हौसाच्या मळ्यात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मिरचीच्या सऱ्यांमध्ये माणसं, बांधावर माणसं, फणसाच्या मुळांवर लेकुरवाळ्या बायका. आणि जो तो एकच करत होता. वाकायचं, मिरचीचं पान बोटांत धरायचं, उलटं करून पाहायचं आणि "देवा रे!" म्हणायचं. आठ दिवसांमागे हीच पानं पिकल्या लिंबासारखी पिवळी होती. मी स्वतः पाहिली होती, आणि खोटं कशाला बोलू, पाहून आल्यावर दोन घास जास्तच जेवले होते. आता तीच पानं रुंद, काळपट हिरवी, तेल चोळल्यासारखी तुकतुकीत.

मधोमध पालवीबाबा उभे. भगवी कफनी, छातीवर सागरगोट्यांची माळ, हातात दुध्या भोपळ्याचा कमंडलू. माणूस घाटावरचा, फोंडाघाट उतरून आलेला. बोलणं कीर्तनकाराचं, पण कीर्तनकाराला निदान कथा तरी येते.

"पान पिवळं का पडतं?" बाबा गरजले. "मन पिवळं पडतं म्हणून! झाडाचं मूळ मातीत नसतं लेकरांनो, मूळ असतं भक्तीत! एक कळशी पाणी, एक ओंजळ तीर्थ आणि एक निर्मळ मन. एवढं जुळलं की वाळलेला वासा पालवेल!"

"बाबानू, मगे माझ्या टकलार पण एक ओंजळ ओता," होडीवाला बाबली मागून ओरडला. "बगूया काय उगवता ता."

माणसं हसली. बाबांनी डोळे वटारले. "थट्टा करणाऱ्यावर तीर्थ उलटतं!" हसणं जागच्या जागी विझलं. बाबलीनेही टकलावर मुंडासं ओढून घेतलं.

आणि हौसा! पदर सावरत, पुन्हा पुन्हा सावरत, लग्नघरातल्या वरमाईसारखी सऱ्यांमधून फिरत होती. बांधावर मी दिसले तशी मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "वयनी, लांब कित्याक उभ्या? येवा, पान हातात घेवन बगा. बगल्यान काय झिजाचा नाय."

"हयसूनच बगलंय," मी म्हटलं. "माझे डोळे अजून शाबूत आसत."

डोळे शाबूत होते. म्हणूनच ते पान बघवत नव्हतं.

हौसा माझी धाकटी जाऊ. वाटणी झाली तेव्हा वरचा तुकडा, फणसाखालच्या विहिरीसकट, तिच्या वाट्याला गेला. खाडीकडचा खालचा तुकडा मी स्वतः मागून घेतला, माडांच्या लोभाने. त्यामुळे कुणाला बोल लावायची सोय नाही. पण मिरची माझीच चांगली, हे वाडीत ठरलेलं होतं. लग्न कुणाचंही असो, मसाला आनंदीकाकीकडचा. मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक गाठोड्यात माझ्या मसाल्याची पुडी असायची. हौसाचा मसाला तिचा नवरा खायचा, तोही बिचारा काही बोलत नसे.

आणि यंदा माझी मिरची पिवळी पडली होती. पानांच्या कडा करपलेल्या, फुलं गळालेली. तिचीही पिवळी होती तोवर माझी हरकत नव्हती. आता तिची हिरवी झाली आणि माझी रात्रीची झोप नाहीशी झाली.

बाबा हौसाच्याच मळ्यातल्या मांगरात, म्हणजे अवजारं ठेवायच्या खोपीत, उतरले होते. हौसा मालवणच्या बाजाराला गेलेली पाहून मी भर दुपारी एक नारळ आणि एक तलंग, म्हणजे अंड्यावर न आलेली कोंबडी, घेऊन तिकडे गेले. तलंग पाहून बाबांचा चेहरा एकदम सात्त्विक झाला.

"तीर्थ होया," मी म्हटलं.

"किती, माई?"

"हौसाक दिलात त्येच्यापेक्षा जास्त."

"जास्त म्हणजे?"

"चौपट."

बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं, रागावले. पण नाही. "ज्याची भक्ती चौपट, त्याला तीर्थ चौपट," ते म्हणाले. "भक्तीला माप नसतं, माई." हे मला फार आवडलं. माझ्या हेव्याला कुणीतरी भक्ती म्हणत होतं, कुणाला आवडणार नाही? बाबांनी मडकं भरून दिलं आणि वर बजावलं, "हे झाडाचं तीर्थ. माणसानं ओठाला लावायचं नाही." जे तीर्थ ओठाला लावायचं नाही ते तीर्थ कसलं, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. पण हेवा माणसाला कानांनी ऐकू देतो, डोक्याने नाही.

कळशीला एक ओंजळ सांगितली होती. मी चार घातल्या. सुनेला मुद्दाम फुलं आणायला देवळाकडे पाठवलं आणि अर्धं मडकं रिकामं होईपर्यंत सगळा मळा शिंपला. प्रत्येक कळशीला मनात म्हणत होते, हौसा, आता बघ.

हौसाने बघितलं खरं. सगळ्या वाडीने बघितलं. दुसऱ्या दिवशी पानं मुडपली, तिसऱ्या दिवशी कडा तांबूस झाल्या आणि चौथ्या दिवशी, बुधवारी, माझा मळा वणवा लागून गेल्यासारखा उभा होता. हात लावला तर पान चुरचुरत होतं.

बाबा आले. त्यांच्यामागे हौसा, हौसामागे वाडी. बाबांनी एक करपलं पान उचललं, हुंगलं, कपाळाला आठ्या घातल्या. एकच तीर्थ दोन घरांत दोन तऱ्हांनी वागलं म्हणजे तीर्थाची अब्रू गेली. ती वाचवायला कुणाची तरी अब्रू घ्यावी लागणार होती. बाबांची नजर सगळीकडे फिरून विहिरीजवळ उभ्या असलेल्या यशोदेवर थांबली.

"ह्या घरात बाहेरून आलेली कोण?"

यशोदा माझी सून. वालावलची. माझा मुलगा हरिश्चंद्र मुंबईत गोदीत कामाला. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि अजून कूस उजवली नव्हती. एवढं बाबांना कुणी सांगितलं असेल ते मी लिहीत नाही. मांगर कुणाचा होता ते वर लिहिलंच आहे.

"हिच्या सावलीनं तीर्थ उलटलं," बाबा म्हणाले. "जिथे कूस कोरडी, तिथे मळा कोरडा. हिला माहेरी धाडा. मुलाला पत्र घाला, दुसरं स्थळ बघ म्हणावं. हा दोष घरात असेपर्यंत ह्या मातीत गवतसुद्धा रुजणार नाही."

"माका कवाच दिसलेला," हौसा म्हणाली. "वयनीक बोललंय नाय, इतक्याच."

यशोदा माझ्याकडे पाहत होती. तिला काहीही म्हणायचं नव्हतं, फक्त मी काय म्हणते ते ऐकायचं होतं. आणि खरं माझ्या जिभेवर होतं. चार ओंजळी. दोनच शब्द. पण ते हौसासमोर बोलायचे? म्हणजे मी चोरून गेले, चौपट मागितलं, तिच्या मिरचीवर जळून स्वतःची जाळली, हे सगळं तिला फुकट द्यायचं?

"सोमवारच्या होडयेन धाडतंय तिका," मी म्हटलं.

हे मी केलं. बाबाने नाही, हौसाने नाही. मी.

घरी आल्यावर यशोदेने एकच विचारलं. "आये, तुमी तीर्थ किती घातलात?"

"हौसान घातल्यान तितक्याच."

ती पत्र्याची ट्रंक काढून कपडे भरायला बसली. रडली असती तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. ती लुगड्यांच्या घड्या मोजून मोजून ठेवत होती.

आमच्या घरी रीत आहे. दोष असलेलं माणूस घराबाहेर पडायचं असलं की उंबऱ्यावर चुन्याची पाच बोटं ओढायची, म्हणजे दोष मागे राहत नाही. गुरुवारी दुपारी मी पानाच्या डब्यातला चुना वाटीत काढला. तेवढ्यात मला अक्कल सुचली, की पाण्याऐवजी उरलेल्या तीर्थातच कालवावा, म्हणजे दुप्पट जोर येईल. माझी चौपटीची खोड अजून गेली नव्हती. तीर्थ ओतलं आणि बोटाने घोटलं मात्र, वाटीतून असा भपका आला की माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दार बंद ठेवलेल्या गोठ्यात साचलेल्या मुताचा वास असतो, तोच, पण दहापट.

यशोदा आतून धावत आली. वाटी नाकाशी नेली आणि झटक्यात मागे घेतली.

"आये, ह्यात काय मिसळलात?"

"तीर्थ."

"तीर्थ न्हय ता. ह्यो वास माझ्या वळखीचो आसा." ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. "माझ्या दत्तारामदादान गेल्या साली जपानी भातशेती केल्यान. तेवा सरकारी सफेद खत हाडलेल्यान, साखरेसारख्या. आवशीन ता चुन्याच्या पोत्याक लागान ठेवल्यान. दोनी पोती भिजली आणि घरात बसाक येयना. ग्रामसेवकान सांगल्यान, ह्या खत चुन्यात मिसळू नकात, तेचो जीव वासावाटे निघान जाता."

"म्हंजे बाबा खत वाटता?"

"वाटूंदे. आमची पुळणीची, रेतीची जमीन, तिका खताची भूक. पान हिरव्या होतलाच. पण मगे आमचा कित्याक जळला?" ती माझ्याकडे रोखून बघत राहिली. "आये, खरा सांगा."

मी सुपारी कातरत राहिले.

"बरा," ती म्हणाली. "तुमी सांगू नकात. झाडा सांगतली."

ट्रंक तशीच उघडी टाकून ती कामाला लागली. वाडीच्या दृष्टीने ती जायला निघालेली बाई. पण मी तिच्याइतकं शांतपणे काम करणारं माणूस पाहिलेलं नाही. एक कळशी आमच्या विहिरीचं पाणी काढलं. दुसरी रिकामी कळशी घेऊन म्हणाली, "हौसाकाकीच्या बावीचा पाणी होया."

"मी तिच्या बावीर पाय ठेवचंय नाय."

"मी जातंय. माका आता कोणाची लाज आसा?"

दोन सारख्या टोपांत एकेक शेर पाणी मोजून चुलींवर ठेवलं. आटता आटता पार कोरडं होईपर्यंत. हौसाच्या पाण्याच्या टोपाला तळाशी नुसता धुरकट पापुद्रा राहिला. आमच्या टोपात पांढरी खरखरीत साय बसली होती. मी बोट लावून चाटलं. मीठ. निव्वळ मीठ.

गेल्या पावसात खाडीचा बांध खालच्या अंगाला फुटला होता. भरतीचं पाणी जमिनीखालून आमच्या विहिरीत उतरत होतं. पिण्याचं पाणी आम्ही देवळाकडून आणायचो, म्हणून कुणाच्या जिभेला पत्ता लागला नाही. बाबाने जिला दोष म्हटलं ती गोष्ट टोपाच्या तळाशी होती, विळ्याने खरवडून काढता येत होती.

मग तिने सहा करवंट्या घेतल्या. सगळ्यांत एकाच ठिकाणची माती, वाफ्यात उरलेलं मिरचीचं एकेक रोप. तीन करवंट्यांना आमचं पाणी, तीन करवंट्यांना हौसाचं. दोन्हीकडे एकीत नुसतं पाणी, एकीत तांब्याला एक पळी तीर्थ, एकीत तांब्याला चार पळ्या. कोळशाने करवंटीवर रेघा ओढून ठेवल्या. मला वाचायला सोपं जावं म्हणून असेल. मी दोन यत्ता शिकलेली, पण रेघा मोजता येतात.

चारच पळ्या का, तीन का नाहीत, पाच का नाहीत, हे मी विचारलं नाही. अर्धं मडकं रिकामं झालेलं तिने पाहिलं होतं आणि आमच्या मळ्याला किती कळश्या लागतात हे ती रोज आपल्या खांद्यावर मोजत होती.

रविवारी सकाळपर्यंत करवंट्या बोलायला लागल्या. आमचं पाणी आणि चार पळ्या, ते रोप शुक्रवारीच मान टाकून बसलं होतं. हौसाचं गोडं पाणी आणि चार पळ्या, तेही करपलं. हौसाचं पाणी आणि एक पळी, ते ताठ आणि हिरवंगार. आमचं पाणी आणि एक पळी, जेमतेम तग धरून, कडा भाजलेल्या. नुसतं पाणी घातलेली दोन्ही रोपं पिवळी, त्यातलं आमच्या पाण्याचं जास्त मलूल. एकच हात, एकच सावली, सहा तऱ्हा.

"यशोदा," मी म्हटलं, "सूप हाड. ह्यो करवंटयो हौसाकडे नेवच्यो आसत."

रविवारी बाबांचा दरबार. हौसाच्या अंगणात सगळी वाडी बसलेली. ग्रामपंचायतीत नुकतंच आलेलं सरकारी खताचं एक पोतं फुटून पडलेलं होतं, त्यातलं मूठभर यशोदेने कालच मागून आणलं होतं. मी सरळ बाबांसमोर जाऊन बसले आणि पानाचा डबा उघडला.

"महाराज, पान लावतंय. खातलात?"

"माई, आम्ही विडा फक्त देवीच्या हातचा घेतो."

"बरा तर, कमंडलूक भरवतंय," म्हणत मी बोटभर चुना त्यांच्या तीर्थात टाकला आणि काडीने ढवळला. पहिल्या रांगेतले लोक उठूनच उभे राहिले. कुणी नाकाला पदर लावला, कुणी खोकायला लागलं.

"दैत्य!" बाबा ओरडले. "दैत्य बाहेर पडला!"

"मगे ह्यो सरकारी दैत्य," यशोदा म्हणाली. तिने पंचायतीतलं खत सगळ्यांना दाखवून तांब्यातल्या पाण्यात विरघळवलं, त्यात चुना घातला आणि तांब्या बाबलीच्या हातात दिला.

बाबलीने हुंगलं आणि मुंडाशाने नाक पुसलं. "अरे मेल्या! बरा झाला टकलार घेतलंय नाय!"

हसू फुटलं. पण बाबा तयारीचा माणूस. हात वर करून म्हणाला, "खत असो, काही असो! माझ्या हाताने हौसाबाईचा मळा हिरवा झाला ना? मग हिच्याच घरात का जळला? सांगा! दोष नाही तर का जळला?"

हसू थांबलं. माणसांनी पुन्हा यशोदेकडे बघितलं. तिच्या सुपात करवंट्या होत्या, तिने मीठ खरवडून पुडीत आणलं होतं, ती सगळं समजावून सांगू शकत होती. पण मळ्यात चार ओंजळी पडल्या हे ती सांगू शकत नव्हती. ते मी बघितलं होतं, मी केलं होतं, आणि माझ्या सांगण्यावाचून तिच्या सगळ्या करवंट्या खोट्या पडल्या असत्या. हौसा माझ्यापासून दोन हातांवर बसली होती, नव्या लुगड्यात.

मी उठून उभी राहिले.

"चार ओंजळी घातलंय," मी म्हटलं. "एका कळशेक चार. चोरून इलंय, तलंग देवन तीर्थ घेतलंय, आणि सुनेक लांब धाडून घातलंय. तिची सावली त्या दिवशी मळ्यात नव्हती. मळो माझ्या हातान जळलो."

मग हौसा हळूच म्हणाली, "पण वयनी, चार कित्याक?"

तिला माहीत होतं. तरी तिला माझ्या तोंडून हवं होतं. तिच्या जागी मी असते तर मलाही हवं असतं.

"तुझ्या मिरचेचो हेवो वाटलो म्हणान."

हौसाचा चेहरा असा उजळला की तसा तो तिच्या लग्नातही उजळला नव्हता. "वाटलो? तुमका? माझो?"

"वाटलो. अजून वाटता. आता गप बस आणि करवंटयो बग."

आणि तिने बघितल्या, हे तिच्या नावावर लिहायला हवं. एकेक करवंटी उचलली, कोळशाच्या रेघा मोजल्या, मीठ चाटून थुंकलं. चार पळ्यांनी करपलेलं रोप हातात घेऊन तिने ते बाबांच्या समोर धरलं. "महाराज, ह्या तर माझ्याच बावीचा पाणी. म्हंजे उद्या माझ्या हातान दोन ओंजळी जास्त पडल्यो असत्यो, तर तुमी माझ्या सुनेक घराभायर काढला असतात?"

बाबली तोवर मांगरात जाऊन बाबांचं बोचकं घेऊन आला होता. सोवळ्याच्या खाली अर्धं पोतं पांढरं खत. मग बाबा साध्या भाषेत बोलायला लागला. नाव सत्यवान. घाटावर ऊसमळ्यात खत फेकायच्या कामावर होता. इकडच्या लोकांनी हे खत अजून पाहिलेलं नाही हे त्याच्या ध्यानात आलं, एवढाच त्याचा साक्षात्कार.

लोक अंगावर धावले तेव्हा मीच आडवी आले. "मेल्या," मी म्हटलं, "खत म्हणान इकलं असतस, माप सांगान इकलं असतस, तर पयली गिऱ्हाईक मी झालंय असतंय. खताक तीर्थ म्हटलंस, ता एक वेळ पोटात घालतंय. पण खत कमी-जास्त झाला म्हणान माणसाक दोष म्हटलंस. चल, उठ." संध्याकाळच्या आत तो वाडीबाहेर गेला. तलंग त्याने आधीच खाल्ली होती.

सोमवारी होडी आली आणि गेली. यशोदा आपल्या जागी होती. मी तिला विचारलं, "पोरी, तुका माझ्या चार ओंजळींचो अंदाज होतो, मगे त्याच दिवशी बोललंस कित्याक नाय?"

"बोललंय असतंय तर सून सासयेक खोटी पाडता म्हटल्यानी असती," ती म्हणाली. "माका एक भांडाण जिंकूचा नव्हता आये. माका हयसर ऱ्हवाचा होता."

तो माझ्या आयुष्यात मला बसलेला सगळ्यात मऊ आवाजातला चाबूक.

यंदा माझ्या मसाल्याला मिरची विकतची आहे. खालची विहीर आता माडांसाठी, माडाला थोडं मीठ चालतं. पुढच्या साली मिरचीला पाणी हौसाच्या विहिरीतून घेणार, तसं तिने दोनदा सुनावून कबूल केलं आहे. खत पंचायतीतून घेणार, तांब्याने मोजून.

बायांनो, हे मी शिकलेल्यांसाठी लिहिलेलं नाही. तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी लिहिलं आहे. पीक जळलं, गाय आटली, पोर आजारी पडलं, आणि कुणी येऊन घरातल्या बाईकडे बोट दाखवलं, तर तिची ट्रंक काढायच्या आधी पाणी आटवून बघा, माती बघा, काय घातलं आणि किती घातलं ते मोजा. दोनदा करून बघा, शेजारणीसमोर करून बघा. आणि चूक आपली निघाली तर ती मोठ्याने सांगा. लाज वाटेल. मला अजून वाटते. पण माझ्या त्या लाजेपायी एक निर्दोष पोर घराबाहेर निघाली होती, आणि तिला बाहेर काढायला कुणी महाराज लागला नव्हता. माझं गप्प बसणं पुरेसं होतं.